खातं तिच्या नावाचं, ओटीपी तिच्या फोनवर

परदेशातून लग्न होऊन पुण्यात आलेल्या सुनेला किंवा जावयाला सगळ्यात आधी काय करून द्यावं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि त्या खात्याचा ओटीपी जिथे येईल ते स्वतःच्या नावाचं सिमकार्ड. हौसमौज, पाहुणे, देवदर्शन हे सगळं त्यानंतर.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. खात्यावर नाव आहे पण एका स्लिपवरही कधी सही केलेली नाही, अशा बायका मी काउंटरवरून खूप पाहिल्या. नवरा गेल्यावर त्या पिशवीत सगळी पासबुकं घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "ताई, यातलं माझं काय आहे?" त्या तर इथल्याच होत्या, मराठी बोलणाऱ्या, भाऊ हाकेच्या अंतरावर असलेल्या. मग जिचा देश नवा, भाषा नवी आणि माहेर समुद्रापलीकडे, तिला आपण कशाच्या भरवशावर ठेवायचं? नवरा चांगला आहे म्हणून? माझा मुलगा चांगलाच आहे. तरीही.

आमची सून जपानची. मुलगा तिकडे नोकरीला होता, २०२३ मध्ये तिथल्याच नगर कार्यालयात लग्नाची नोंद झाली आणि २०२४ च्या जूनअखेर, पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा, दोघं कायमची इकडे आली. लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर आणि तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा दाखला) त्यांनी निघण्यापूर्वीच करून घेतलं होतं. हे फार शहाणपणाचं काम. भारत आणि जपान दोघेही अपोस्टिलच्या करारात असल्यामुळे तो कागद इथे थेट चालतो. इथे आल्यावर तो मागवायचा म्हटलं तर पुढचं सगळंच अडून बसतं.

आल्या आल्या मुलगा म्हणाला, "अगं आई, माझ्या खात्याला तिचं नाव जोडून टाकू. पाच मिनिटांचं काम." बँकेतला मुलगाही तेच म्हणाला. "काकू, जॉइंट करून देतो, डेबिट कार्ड मॅडमच्या नावाचं येईल. मोबाइल नंबर सरांचाच राहू दे, म्हणजे केवायसीची कटकट नको." दोघांचाही हेतू चांगला होता. पण म्हणजे तिने साधी भाजी घेऊन पैसे पाठवले तरी मेसेज नवऱ्याच्या फोनवर वाजणार, आणि पासवर्ड विसरली तर नवरा ऑफिसातून परत येईपर्यंत ती थांबणार. नाही म्हटलं. जॉइंट खातं घरखर्चासाठी नंतर जरूर काढा. पहिलं खातं तिचं एकटीचं.

आता हे करायचं तर कागदांचा क्रम कळायला हवा, कारण इथला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला एक्स-२ हा एन्ट्री व्हिसा मिळतो. तो १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. पूर्वी यासाठी पोलीस आयुक्तालयात खेपा घालाव्या लागत. आता ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर अर्ज होतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, लग्नाचा दाखला आणि घराच्या पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, आणि बोलावलं तरच जायचं. हे प्रमाणपत्र ईमेलवर येतं आणि त्यावर तुमचा पुण्याचा पत्ता असतो. नवख्या माणसाकडे इथला पत्ता असलेला हा पहिला सरकारी कागद. त्याच्या चार प्रती काढून ठेवा.

या कागदावर पॅन निघतं. परदेशी नागरिकांसाठी तेव्हा फॉर्म ४९एए होता, आपला नेहमीचा ४९ए नव्हे. पत्त्याचा पुरावा म्हणून ते नोंदणी प्रमाणपत्र चाललं. इथे एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहावी लागते, ती म्हणजे नाव. फॉर्म भरून देणाऱ्या पोराने सवयीने मधल्या रकान्यात माझ्या मुलाचं नाव आणि शेवटी आमचं आडनाव लिहून टाकलं होतं. आपल्याकडे बाईचं नाव असंच लिहितात, त्यात त्या पोराचं काही चुकलं नाही. पण तिच्या पासपोर्टावर मधलं नाव नाही, आणि आडनाव तिच्या माहेरचं आहे. जपानमध्ये दोन जपानी माणसांनी लग्न केलं तर कायद्याने एकच आडनाव लावावं लागतं. परदेशी माणसाशी केलं तर ते आपोआप बदलत नाही, हवं असेल तर सहा महिन्यांत तशी नोंद करायची असते. तिने ती केली नाही. मी फॉर्म बदलायला लावला. पासपोर्टावर जे अक्षर आहे तेच पॅनवर, तेच खात्यावर, तेच गाडीच्या नोंदणीपत्रावर, म्हणजे आरसीवर. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पुढची पाच कामं अडतात, हे मी काउंटरच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे. आमच्या एका नातेवाईक बाईंना आडनावाचं बरंच वाईट वाटलं. त्यांना मी सांगितलं, आपल्या कायद्यात लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कुठेच नाही. विषय संपला.

सिमकार्ड पासपोर्ट आणि व्हिसावर मिळालं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरं काम बँकेचं. पहिल्या शाखेत खिडकीवरच सांगितलं, "आधार नाही? मग सहा महिन्यांनी या." आता, परदेशी नागरिकाला आधार काढायचं तर अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, हे खरं. पण आधार नाही म्हणून खातं नाही, असा नियम नाही. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या केवायसी निर्देशांत पासपोर्ट हा अधिकृत वैध दस्तऐवज होताच. परदेशी माणसाच्या पासपोर्टावर पत्ता नसेल, आणि जपानी पासपोर्टावर छापलेला नसतो, तर काय करायचं तेही तिथेच लिहिलं होतं. त्या देशाच्या सरकारी खात्याने दिलेला कागद किंवा भारतातल्या त्यांच्या दूतावासाचं पत्र पत्त्यासाठी चालतं. आम्ही मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाकडून पत्त्याचं प्रमाणपत्र घेतलं, त्याला ई-एफआरआरओचा कागद जोडला आणि दुसऱ्या बँकेच्या शाखेत गेलो. पहिल्या शाखेतून निघताना मी एवढंच म्हटलं होतं, "नाही म्हणताय ते लेखी द्या." ते कोणी देत नाही. पण मागायचं असतं. लेखी नकार हातात असला की बँकेकडे रीतसर तक्रार करता येते, आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

दुसऱ्या शाखेत खात्याच्या प्रकारावरून अडलं. अधिकारी बाई नीट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एनआरओ काढून देते, परदेशी नागरिक म्हणजे अनिवासी." एनआरओ म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं. परदेशी म्हणजे अनिवासी हा समज सगळीकडे आहे, म्हणून यावर थोडं थांबते. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात निवासी कोण हे पासपोर्टाच्या रंगावरून ठरत नाही. त्यात दिवसांची मोजणी आहे, आणि त्याबरोबर हेतूही आहे: माणूस इथे नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने आला आहे का, हे पाहिलं जातं. नवऱ्याबरोबर संसार करायला आलेली बाई किती काळासाठी आली आहे? तिच्या व्हिसावर काय लिहिलंय? हे मी त्यांना विचारलं. त्यांनी वरिष्ठांशी बोलून, इथे कायम राहण्याच्या इराद्याचं स्वतःच्या सहीचं निवेदन तिच्याकडून घेतलं आणि निवासी बचत खातं उघडायला मान्यता मिळवली. फरक कागदापुरता नाही. एनआरओ खात्याच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. जपानशी असलेल्या कर-करारामुळे तो १० टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी तिकडचं कर-निवासाचं प्रमाणपत्र आणा, फॉर्म भरा. निवासी बचत खात्याच्या व्याजावर टीडीएसच कापत नाहीत. आणि एकदा चुकीच्या प्रकाराचं खातं उघडलं की ते बदलून घेणं हे नवं उघडण्यापेक्षा अवघड.

मग सही.

तिच्या पासपोर्टावरची सही जपानी लिपीत आहे. आडनावाची दोन अक्षरं, नावाची दोन. जपानमध्ये बँकेत सहीऐवजी शिक्का चालत आला आहे. तिचा तो शिक्का बोटाएवढा, लाकडी, छोट्या डबीत ठेवलेला, आणि ती तो बरोबर घेऊन आली होती. डबी उघडून तिने शाईची बारकीशी उशीसुद्धा टेबलावर मांडली. अधिकारी बाईंनी कौतुकाने पाहिलं आणि सांगितलं, इथे शिक्का नाही चालणार, सहीच लागेल, आणि ती इंग्लिशमध्ये करा. सून माझ्याकडे वळली. "आई, माझी सही बरोबर नाही का?"

बरोबर होती. सही कोणत्या भाषेत असावी याचा नियम नाही; ती प्रत्येक वेळी सारखी यावी आणि नमुन्याशी जुळावी, एवढंच. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाखेत मोडीत सही करणारे आजोबा होते. आम्हाला कोणाला मोडी वाचता येत नव्हती, तरी पेन्शनच्या दिवशी त्यांची सही कार्डावरच्या नमुन्याशी ताडून आम्ही पैसे देत होतो, कारण त्यांच्या शेवटच्या अक्षराची शेपटी दर वेळी त्याच कोनात वळायची. हे मी त्या बाईंना सांगितलं. त्या हसल्या आणि कार्ड पुढे केलं. नमुना सहीच्या चौकटी आडव्या आणि बुटक्या. सुनेने आधी शेजारच्या कोऱ्या कागदावर चौकटीची उंची बोटाने मोजून बघितली, मग श्वास रोखून एकेक अक्षर वरून खाली, डावीकडून उजवीकडे, रेघांच्या ठरलेल्या क्रमाने काढलं. तीनही नमुने एकमेकांवर ठेवले असते तर जुळले असते. खाली बँकेने तिच्याकडून एक ओळ लिहून घेतली, की मी याच लिपीत सही करते. संपलं. तिच्या सहीला इंग्रजी वळण लावायला सांगणं म्हणजे पासपोर्टाशी न जुळणारी सही बँकेत ठेवणं. उद्या चेक परत आला की दोष तिच्या माथी.

खातं झाल्यावर तिने स्वतःची बचत जपानहून इथे आणली. ती स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून आली, आणि प्रत्येक वेळी बँकेकडून परकीय चलन आल्याची पावती मागून घ्यायची हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. हे पैसे बाहेरून आले, तिचे स्वतःचे आहेत, याचा तोच पुरावा. पुढे कधी परत न्यायचे झाले तर हाच कागद पुढे करावा लागतो. त्याच वेळी मुलाला एक सांगितलं, तुझ्या पैशांची एफडी तिच्या नावाने करशील तर व्याज तुझ्याच उत्पन्नात मोजलं जाईल. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ पासून ती तरतूद आहे. म्हणून तिचे पैसे आणि त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यांत असलेले दोघांच्याही सोयीचे. यात प्रेमाचा काही संबंध नाही.

आधार पुढे १८२ दिवस झाल्यावर निघालं, तेही व्हिसाच्या मुदतीपर्यंतचं.

आता गाडी.

सून नागोयाजवळच्या गावात वाढलेली, तिथे गाडीशिवाय चालत नाही. तिकडेही गाडी डावीकडूनच आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात बसलेला होता. निघताना तिने आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढला होता. जपान देतो तो १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे, आणि भारत त्या करारात आहे, म्हणून तो इथे चालतो. मुदत एक वर्ष. मूळ जपानी परवाना बरोबर ठेवायचा.

सुरुवातीला ती माझी गाडी चालवायची. तिचा पहिला प्रश्न होता, "आई, इन्शुरन्समध्ये माझं नाव कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त. जपानमध्ये ऐच्छिक विमा घेताना गाडी कोण चालवणार, त्यांचं वय काय, हे ठरवून हप्ता बसतो. ठरवलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याने चालवली तर संरक्षण नाही. आपल्याकडे पॉलिसी गाडीची. मालकाच्या परवानगीने, वैध परवाना असलेला कोणीही चालवत असला तरी ती लागू. वैध परवाना हा शब्द मात्र सगळ्यात महत्त्वाचा. परवाना नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम जातोच, आणि थर्ड पार्टीला, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या दुसऱ्या माणसाला, कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करू शकते; २००४ च्या स्वर्णसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. तिच्या आंतरराष्ट्रीय परवान्याची शेवटची तारीख मी फ्रीजवर लावली होती.

तिकडच्या आणि इकडच्या विम्याची तुलना आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून केली, आणि मला त्यातून बरंच कळलं. जपानचा सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेसाठी. मृत्यूला तीन कोटी येनची मर्यादा, आणि दुसऱ्याच्या गाडीचं, भिंतीचं नुकसान त्यात मुळीच नाही. म्हणून तिथे जवळपास सगळे वर ऐच्छिक विमा घेतात. आपल्या सक्तीच्या थर्ड पार्टीत मृत्यू किंवा इजेला रकमेची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत. माझ्या १००० ते १५०० सीसीतल्या गाडीला या भागाचा वर्षाचा हप्ता २०२२ पासून ३४१६ रुपये आहे, कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी तेवढाच. तिला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: आपल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसीत भूकंप धरलेला असतो. तिच्या भूकंपांच्या देशात तो साध्या गाडी-विम्यातून वगळलेला असतो, वेगळा घ्यावा लागतो.

पण पुण्यात भीती पाण्याची. ती आली आणि महिन्याच्या आत २५ जुलै २०२४ उजाडला. खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलेलं. आम्ही त्याच रस्त्यावर राहतो, जरा वर. आमच्या पार्किंगमध्येही पाणी भरलं. गाड्या रात्रीच बाहेर काढल्या होत्या, म्हणून वाचल्या. ज्यांची राहिली त्या शेजाऱ्यांनी सकाळी पाणी ओसरल्यावर चावी फिरवली. इंजिनात पाणी होतं, ते जाम झालं. क्लेम केला तेव्हा सर्व्हेयरने सांगितलं, पुरात भिजलेल्या सीट, वायरिंग मिळेल. इंजिन सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. फार मोठा खर्च आला त्यांना. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने गाड्या वाहून नेलेल्या पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको, पण परक्या माणसाला कोण सांगणार? नदी किंवा ओढ्याच्या बाजूला राहत असाल तर झीरो डेपच्या (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या जादा संरक्षणाच्या) आधी इंजिन प्रोटेक्ट घ्या. आणि पाणी शिरलेली गाडी सुरू करू नका, टोइंग बोलवा. हे तिला मी त्या दिवशीच दाखवलं, शेजाऱ्यांच्या गाडीपाशी उभं राहून.

माझं गाडी चालवणं गुडघ्यांमुळे कमी झालं होतं, म्हणून ती गाडी तिच्याच नावावर करायची ठरवली. पण आधी परवाना, मग गाडी. कारण मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो ना, तो मालकाकडे वैध परवाना असेल तरच लागू होतो. परदेशी परवाना असलेल्याला चाचणीतून सूट देण्याची तरतूद मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये आहे. तिलाच मात्र चाचणी द्यायची होती. म्हणाली, इथल्या रस्त्यावर मला येतं की नाही हे इथल्या माणसाने बघू दे. लर्निंग काढून ३० दिवस थांबली आणि नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर चाचणी देऊन आली. चढावर थांबून गाडी मागे न जाऊ देता काढणं तिला जमलं; आमच्या मुलाला त्याच्या वेळी दुसऱ्यांदा द्यावी लागली होती.

मग संगम पुलाच्या आरटीओत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि लगेच विमा. घरातल्या घरात गाडी देताना लोक इथे हमखास थांबतात. आरसीवर नाव बदललं, पॉलिसी जुन्याच नावाने चालू. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. आरसी सुनेची, पॉलिसी सासूची, अशा गाडीला ठोकर बसली तर क्लेम दोघींनाही मिळणार नाही.

आणि एनसीबी. हा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझा ५० टक्के जमला होता. पॉलिसी तिच्या नावावर करताना उरलेल्या मुदतीचा फरक भरावा लागला, आणि माझा बोनस मी पत्र घेऊन राखून ठेवला. ते पत्र तीन वर्षं चालतं. पण तिचंही स्वतःचं काही होतं. जपानमध्ये १ ते २० अशा श्रेणी असतात, अपघात न करता वर्षं गेली की श्रेणी चढते. निघताना तिने विमा बंद करून खंड-प्रमाणपत्र घेतलं होतं, म्हणजे दहा वर्षांत परत गेली तर तिची श्रेणी तिथे शाबूत. मला आठवलं, आपल्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडी-विम्याच्या नियमावलीत, परदेशात कमावलेल्या बोनसची तरतूद आहे: तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांत इथे घेतली आणि पुरावा दिला तर तो धरता येतो. ऑनलाइन अर्जात त्याला जागाच नाही. फोनवर सांगितलं, असं काही नसतं. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी आम्ही दुसऱ्या कंपनीच्या शाखेत गेलो, आणि पुणं हे पुणं आहे म्हणून सांगते, समोरच्या टेबलावरच्या मुलीने जपानी शिकलेलं होतं. तिने प्रमाणपत्र हातात घेतलं, श्रेणीचा आकडा आणि तारखा मूळ कागदावरून वाचल्या, इंग्रजी भाषांतराशी पडताळल्या आणि आमच्या सुनेशी तिच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. सुनेचा चेहरा असा खुलला! अंडररायटिंगकडे, म्हणजे विमा मंजूर करणाऱ्या विभागाकडे फाइल गेली, जपानच्या कंपनीकडून क्लेम नसलेल्या वर्षांचं पत्र मागितलं, ते आलं, बोनस मंजूर झाला. किती रुपये वाचले हे महत्त्वाचं नाही. इतकी वर्षं तिने नीट गाडी चालवली होती, ती या देशातही मोजली गेली.

ज्यांच्या घरी परदेशी सून किंवा जावई यायचा आहे त्यांनी हे त्यांना निघण्यापूर्वीच कळवा: विमा कंपनीचं क्लेम नसल्याचं पत्र इंग्रजीत, आंतरराष्ट्रीय परवाना, आणि लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल. हे तीन कागद तिकडे असताना सोपे आहेत.

व्हिसाची मुदत वाढली की बँकेत, सिम कंपनीत आणि आधार केंद्रात नवा कागद द्यायला विसरू नका, नाहीतर खातं गोठतं. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की ओसीआयसाठी, म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिकाच्या कार्डासाठी अर्ज करता येतो. आमचा आता केलाय. ते मिळालं की नोंदणीचा आणि व्हिसाचा फेरा संपेल आणि केवायसी पुन्हा एकदा करावी लागेल. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून. तिने तिच्या खात्याला अर्धा नवरा आणि अर्धी तिची आई असे लावले. फॉर्म तिने स्वतः भरला, ओटीपी तिच्याच फोनवर आला. मला तिने नंतर सांगितलं.